सहीभोवतीचं रंगीत तळं

पार्सलं पोचवणाऱ्या त्या कंपनीत सगळे त्यांना घाईराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच बरं होतं. घाई या प्रकाराशी घाईरावांचं जन्मात कधी पटलं नव्हतं. जिना चढताना कठड्यावरून हात फिरवत चढायचे. वरच्या मजल्यावरच्या आजोबांची गुडघ्याची तक्रार पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. कुणाचा नळ गळत असला तर पिशवी खाली ठेवून वायसर तपासायचे. मग संध्याकाळी, सगळ्यांच्या शेवटी, पण एकही पार्सल न चुकवता परत यायचे. लग्नही असंच राहून गेलं. आधी वडलांचं आजारपण, मग आईचं, मग मोठी बहीण नवरा गेल्यावर माहेरी परत आली. एक दिवस आरशात पाहिलं तर कानांवरचे केस पांढरे. घाईराव आरशाला म्हणाले, "असू दे," आणि कामावर गेले.

त्यांच्या कमरेला एक यंत्र असायचं. पार्सल दिलं की घेणाऱ्याने त्याच्या पडद्यावर बोटाने सही करायची. कंपनीत सगळे त्याला पाटी म्हणत. घाईराव इतकी वर्षं ही पाटी लोकांपुढं धरत आले होते की बोट पाहून माणूस ओळखायचे. वकीलसाहेब माशी हाकलल्यासारखं बोट फिरवायचे. तिसऱ्या मजल्यावरची नवी सून नखाच्या टोकाने करायची, नेलपॉलिश सांभाळून. एक मास्तर सही झाली की बोट शर्टाला पुसायचे, जणू शाई लागली. पण पडद्यावर सगळ्यांचं सारखंच उमटायचं. मेलेलं गांडूळ.

मग छापखान्यामागची ती लांबट खोली त्यांच्या वाटेत आली.

तिथं एक बाई पुस्तकं बांधायच्या. धंदा वडलांचा, वडील गेल्यावर यांनी चालवला. एका भिंतीला छापलेल्या फर्म्यांची, म्हणजे दुमडून शिवायच्या मोठ्या तावांची, चळत, दुसऱ्या भिंतीला पुठ्ठे, मधल्या टेबलावर खळीचं पातेलं, आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, वर चाक असलेला, दोन माणसांना उचलायचा नाही असा. बाई दिवसभर उभ्या राहून कागद दुमडायच्या आणि प्रत्येक घडीवरून उजव्या हाताचं बोट दाबून फिरवायच्या. ते बोट पुढं चपटं झालं होतं. तरुणपणी पाहायला आलेली मंडळी चेहरा पसंत करायची आणि हात बघून निघून जायची, असं त्या स्वतःच हसत सांगत.

पहिल्या दिवशी पाटीने बाईंची सही घेतलीच नाही. बोटावर वाळलेल्या खळीचा पापुद्रा होता, त्याने असेल. घाईराव सहज म्हणाले, "जरा दाबून करा."

पुस्तकं बांधणाऱ्या बाईला दाबून करा म्हणायचं नसतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार. बाईंनी बोट टेकवलं आणि घडीवर देतात तेवढा जोर दिला. बोटाभोवती आधी काळपट निळं वर्तुळ उमटलं. मग त्याच्या कडेनं जांभळं, हिरवं, पिवळं. पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तसं ते पसरलं, आणि बोट पुढं सरकलं तसं ते रंगीत तळंही मागोमाग सरकायला लागलं. नावापाशी लाटा, आडनावापाशी लाटा. शेवटी बाईंनी खाली रेघ ओढून टिंब दिलं तेव्हा सबंध पाटी हेलकावली. बोट उचललं. रंग थरथरले आणि निवळले.

"मोडलं का हो?" बाई म्हणाल्या.

"नाही, नाही."

"मग हे काय झालं?"

"असंच असतं ते," घाईराव म्हणाले. त्यांनी असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"एवढं दाबायलाच लागतं?"

"लागतं. नाहीतर उमटत नाही."

ही सरळसरळ थाप होती. घाईरावांना थापा मारायची सवय नव्हती, त्यामुळे कान लाल झाले. पण देवाने ही थाप पोटात घातली असावी. पुढं जे झालं त्यावरून तरी तसंच वाटतं.

त्या दिवसापासून बाईंची पार्सलं वाढली. कधी दोऱ्याचं रीळ, कधी सुया, कधी कोपऱ्यांना लावायच्या चामड्याच्या पट्ट्या. प्रत्येक वेळी सही, प्रत्येक वेळी तळं. कधी कधी एवढ्या जोरानं पाटी गोठून जायची. मग ती बंद करून पुन्हा चालू होईपर्यंत घाईराव स्टुलावर बसून घरच्या, ताईच्या गोष्टी सांगायचे आणि बाई उभ्या उभ्या घड्या घालत बोलायच्या.

"तुमच्या पाटीला मी आवडत नाही वाटतं."

"तिला दम लागतो."

"आणि तुम्हाला? जिना चढून येता, पण कधी धापा टाकताना दिसला नाहीत."

"मी सावकाश येतो."

"हो, गल्लीच्या तोंडापासून दिसता मला. तेवढ्यात माझा एक फर्मा शिवून होतो."

आपल्याला कुणी गल्लीच्या तोंडापासून पाहतं, हे ऐकून घाईराव खाली उतरले ते भलत्याच इमारतीत शिरले आणि दंतवैद्याच्या खोलीत जाऊन "पार्सल" म्हणाले. तिथं तोंड उघडून बसलेल्या माणसाने हात पुढं केला.

हळूहळू पाटीवर, जिथं बाई टिंब द्यायच्या तिथं, एक जांभळा डाग राहिला. कंपनीतल्या दुरुस्तीवाल्याने पाटी उजेडात धरली. "घाईराव, काचेखाली पातळ द्रवाचा थर असतो. दाबलं की बाजूला सरकतो, सोडलं की जागेवर येतो. पण रोज रोज छळलंत तर तोही एक दिवस म्हणेल, जा, नाही येत. कोण पैलवान आहे तुमच्या वाटेवर?"

"आहे एक."

"त्याला सांगा, नुसतं बोट टेकवा म्हणून."

"सांगतो," घाईराव म्हणाले आणि पाटी शर्टाच्या बाहीने पुसून कमरेला लावली.

घरी ताईच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. घाईराव जेवताना भिंतीकडे बघून हसायला लागले होते.

"भिंतीला काय सांगतोयस?"

"काही नाही. गंमत आहे एक. थांब, दाखवतो." त्यांनी ताईचा जुना फोन उचलला आणि पडद्यावर अंगठा रोवला. "बघ, असे रंग येतात. पण हे काहीच नाही, तिथं याच्या चौपट येतात."

ताईने फोन काढून घेतला. "तिथं म्हणजे कुठं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुठ्ठे, खळ, रीळ, स्टूल. ताई ऐकत राहिली आणि मग तिने ताट बाजूला सारलं.

"ती बाई आधी सामान कसं मागवायची?"

"एकदम. महिन्याचं एका खोक्यात."

"आणि आता एक एक रीळ मागवते?"

"हो ना. विसरत असेल."

"अरे शहाण्या, दोऱ्याच्या रिळासाठी कुणी सारखं सारखं सही करतं होय?"

घाईरावांचा घास हातातच राहिला. तो त्यांनी नंतर तोंडात घातला की ताटात ठेवला, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्या आठवड्यात ते जिन्याच्या दोन दोन पायऱ्या एकदम चढले आणि एका कुत्र्याला "नमस्कार" म्हणाले.

आणि शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं. सोमवारपासून सही बंद. पार्सल दारात ठेवायचं, फोटो काढायचा, बेल वाजवायची, पुढं जायचं. पाट्या जमा करायच्या. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. घाईरावांनी हात वर केला.

"बेल वाजवून थांबायचं नाही?"

"नाही."

"आत माणूस असलं तरी?"

"माणूस कुठंतरी आत असणारच, घाईराव. त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

घरी येऊन त्यांनी ताईला सांगितलं आणि खुर्चीत बसले. ताई कंबरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"म्हणजे उद्याचा दिवस आहे तुझ्याकडे. चल, ऊठ. मी ती बाई. बोल."

"तू ताई आहेस."

"डोळे मीट आणि बोल."

घाईरावांनी डोळे मिटले. "सही करता का?"

"हे तर रोजचंच झालं."

"मग काय बोलू?"

"माझ्याशी लग्न करता का, असं विचार."

"एवढं सगळं एकदम?"

ताई हसता हसता पलंगावर बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. घाईराव मात्र तसेच उभे. "ताई, तुला चालेल?"

"मला? एवढी वर्षं फक्त तुझ्याशी बोलतेय मी. आता कुणीतरी उत्तर देणारं आण घरात." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "नाही म्हणाली तर म्हणू दे. न विचारता पाटी जमा करून आलास, तर मात्र माझ्याशी गाठ आहे." सकाळी ती देवापुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. काय मागितलं ते विचारायची गरजच नव्हती.

शनिवारच्या पार्सलांत बाईंचंही एक होतं: बांधणीच्या कापडाचा लांबलचक गुंडाळा, खांद्यावर घ्यावा लागेल असा. घाईरावांनी ते शेवटी ठेवलं आणि जन्मात पहिल्यांदा ठरवून घाई केली. वकीलसाहेबांनी माशी हाकलायच्या आत पाटी मागं घेतली. आजोबांचा डावा गुडघा ऐकला, उजव्याला सोमवारचा वायदा केला. लोक खिडकीतून डोकावून बघायला लागले की यांना झालंय तरी काय.

बाईंनी दार उघडलं. "पळत आलात?"

"हो."

"का?"

"आज शेवटची सही." घाईरावांनी धापा टाकत फोटोचं, बेलचं, पुढं जायचं सगळं सांगितलं.

बाईंनी हातातली सुई टेबलात खोचली. "म्हणजे तुम्ही दारापर्यंत यायचं आणि मी दार उघडेपर्यंत नसायचं."

"असा नियम आहे."

"वेडा आहे नियम. आणा ती पाटी."

त्यांनी बोट टेकवलं. रंग उठले. घाईरावांना वाटलं, आता निदान एवढं तरी खरं बोलावं. "एक सांगायचं होतं. एवढं दाबायला लागत नाही."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवसापासून. बँकेतही अशीच पाटी असते, तिथं नुसतं टेकवलं तरी उमटतं."

"मग दाबत का राहिलात?"

बाई सही करायच्या थांबल्या, पण बोट उचललं नाही. "मी दाबलं की तुमचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. रंगबिंग मी कधी नीट पाहिलेच नाहीत."

घाईरावांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. "माझ्याशी लग्न करता का?"

बाईंचं बोट जागच्या जागी रुतलं. निळं, जांभळं, हिरवं पाटीच्या चारी कडांना जाऊन भिडलं, परत फिरलं, पुन्हा गेलं. त्या थराने एकदाचं मनावर घेतलं आणि सगळी पाटी जांभळी होऊन तशीच राहिली.

"गेली," घाईराव म्हणाले.

"जाऊ दे. ताईंना विचारलंत?"

"तिनेच शिकवून पाठवलंय."

"वाटलंच. एवढं सरळ तुम्हाला सुचायचं नाही." बाईंनी पाटी त्यांच्या हातात दिली. त्यांचेही कान लाल झाले होते. "माझी खोली सुटणार नाही. शिकंजा जागचा हलत नाही."

"मी कुठं हलवायला सांगतोय?"

"आणि मी खळीच्याच हातांनी घरी येणार."

"या."

"मग हो," बाई म्हणाल्या. "उद्या त्यांना घेऊन या. आता जा, नाहीतर मी हे पुस्तक उलटं शिवेन."

घाईराव गेले. कसे गेले, जिना होता की नव्हता, रस्ता कुठल्या बाजूला वळला, काही पत्ता नाही. कंपनीच्या दारात पोचले तेव्हा दुरुस्तीवाला पाट्या गोळा करत होता. त्याने ती जांभळी पाटी उलटसुलट करून पाहिली.

"पैलवानाने शेवटी चीतपट केलंच म्हणायचं."

"हो म्हणाली," घाईराव म्हणाले.

"कोण? पाटी?"

"पैलवान."

दुरुस्तीवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग त्यांच्या खांद्याकडे. "ते ठीक आहे, पण हा एवढा मोठा गुंडाळा कुणाचा?"

घाईरावांनी मान वळवली. कापड खांद्यावरच होतं. सगळी गल्ली, सगळा रस्ता, ते तसेच मिरवत आले होते. ते वळले आणि त्या दिवसात दुसऱ्यांदा पळाले. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

खोलीचं दार सताड उघडं होतं. बाई टेबल मोकळं करून, कात्री घेऊन उभ्या होत्या.

"मला वाटलं, लग्नाच्या दिवशीच आणता की काय," त्या म्हणाल्या. "या आत. कापायचंच आहे ते, आणि मला दुसरं टोक धरायला कुणी नसतं."

घाईरावांनी बूट काढले, गुंडाळा उलगडला आणि टेबलाच्या पलीकडं जाऊन टोक पकडलं.

"एवढं ओढू नका," बाई म्हणाल्या. "नुसतं धरा."