वॉचमनची दुसरी पाळी

नोकरीत मी खून पुष्कळ पाहिले, पण औद्योगिक वसाहतीतल्या त्या आगीची घटना आजही आठवली की मन जड होतं. तिथं कुणाला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मी वसाहतीच्या ठाण्यात निरीक्षक होतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारी एका प्लास्टिकच्या कारखान्यात तयार मालाचं गोदाम पेटलं. अग्निशमन दलानं आग विझवली, तेव्हा आत वॉचमनचा मृतदेह सापडला. माणूस करमाडचा, घरी बायको आणि दोन मुली.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. कारखान्याच्या मॅनेजरनं जबाब दिला, "त्याची ड्युटी सकाळीच संपली होती. आत येऊन झोपला असेल, बिडी ओढली असेल." म्हणजे आगही त्याच्याच माथी आणि भरपाईचाही प्रश्न मिटला.

पंचनाम्यात मात्र एक गोष्ट वेगळी होती. मृतदेहाखाली आग विझवायचं सिलिंडर होतं आणि त्याची पिन काढलेली होती. झोपेत जळालेल्या माणसाच्या अंगाखाली असं सिलिंडर नसतं. बाहेरच्या बाजूला भिंतीलगत थिनरचा रिकामा डबाही मिळाला. मी जाळपोळीचा गुन्हा नोंदवला.

पहिली खबर फाटकासमोरच्या चहावाल्यानं दिली. कामावरून काढलेल्या एका कामगारानं फाटकावर "एक दिवस पेटवून देईन" अशी धमकी दिली होती. त्याला आणला. खोटं बोलणारा माणूस उत्तरं तयार ठेवून येतो. हा अडखळत, आठवत बोलत होता. त्या दुपारी पैठणला बहिणीकडं होता म्हणाला. खात्री केली, खरं निघालं. त्याला सोडून दिलं.

मग कामगारांचे एकेक करून जबाब घेतले. प्रत्येकाला मी मॅनेजरचं म्हणणं सांगायचो आणि चेहरा पाहायचो. बहुतेक जण "असंल साहेब" म्हणून मोकळे झाले. मोल्डिंग मशीनवरचा एक जुना ऑपरेटर आला. पन्नाशीचा, शर्टाची सगळी बटणं लावलेली. खुर्ची दिली तरी बसला नाही.

मी म्हणालो, "वॉचमन ड्युटीवर नव्हता, बिडीनं आग लागली, असं कंपनी म्हणते. तसं ठरलं तर त्याच्या बायकोला काही मिळणार नाही."

"तो बिडी वढत नव्हता साहेब."

"आणि ड्युटी?"

"ड्युटीवरच व्हता. रातची पाळी करून दिवसाची बी करायचा. एका पगारात भागत नव्हतं त्याचं. दुसरी पाळी कागदावर घेत नव्हते, पैसे हातात द्यायचे. त्या दिवशी फाटकावर वर्दीत बसलेला म्या पाह्यला."

"सुट्टीच्या दिवशी तुम्ही तिथं काय करत होता?"

त्यानं दाराकडं पाहिलं. बाहेर हवालदार वायरलेसवर बोलत होता.

"आता ते बी लिहा," तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

मी दार लावून घेतलं. त्यानं जे सांगितलं ते असं. त्याच्या थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. मुलगा त्याच्याच कारखान्यातला, त्याच मशीनवरचा. त्याला काम यानंच शिकवलेलं. पोहे झाले, बोलणी सुरू झाली. मुलाच्या बापानं अभिमानानं मुलाचा पगार सांगितला. याच्या जवळजवळ दुप्पट होता.

"पोरीच्या हातात चहाचा ट्रे व्हता साहेब. तिनं माझ्याकडं पाह्यलं. तिला माझा पगार ठावा व्हता."

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरकडं गेला. एकाच कामाला इतका फरक का, एवढंच विचारलं. मॅनेजर म्हणाला, "तो कामाला लागतानाच जास्त पगार मागून आला. तुम्ही कधी मागितलंच नाही."

"आयुष्यात पहिल्यांदा मागितलं, तर हे उत्तर," तो म्हणाला. "माल जळावा, मालकाचं नुकसान व्हावं, इतकंच मनात व्हतं. वॉचमन फाटकावर व्हता, आत कुणी नव्हतं. मागच्या भिंतीवरून उतरलो, थिनर ओतून पेटवलं. परत भिंतीवर चढलो तर तो सिलिंडर घेऊन आत पळताना दिसला."

"हाक मारली नाहीत?"

"वाटलं, येईल बाहेर."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. मी त्याला तसं सांगितलं, विचार करायला वेळही दिला. दंडाधिकाऱ्यांपुढे त्यानं हेच शब्दाशब्दानं सांगितलं आणि वॉचमन ड्युटीवर होता हे दोनदा लिहून घ्यायला लावलं. त्याला शिक्षा झाली. मुलीचं ते लग्न अर्थातच मोडलं.

त्याच्या जबाबावर वॉचमनच्या बायकोचा भरपाईचा दावा उभा राहिला आणि बऱ्याच खेट्यांनंतर मंजूर झाला. ती ठाण्यात आली. "साहेब, ज्यानं माझा माणूस मारला त्याच्याच शब्दावर पैसे आले. घेऊ का नको?"

मी म्हणालो, "बाई, हे त्याचे नाहीत. तुमच्या नवऱ्यानं केलेल्या ड्युटीचे आहेत." तिनं मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

या केसनं मला एक गोष्ट शिकवली. कमी पगार माणूस वर्षानुवर्षं सोसतो, त्यात घर चालवतो, पोरींना शिकवतो. पण शेजारच्याला जास्त का, याचं धड उत्तर कुणी देत नाही, तेव्हा आपली किंमतच कुणी धरली नाही हे त्याला दिसतं. तिथून पुढं शहाणा माणूसही काय करील, याचा भरवसा राहत नाही. त्याचा गुन्हा मी कधी लहान मानला नाही. एक निरपराध माणूस जळाला. पण आरोपपत्रात सगळ्यांची नावं घालता येत नाहीत.

माझी बदली होण्यापूर्वी तो मॅनेजर एका कामासाठी ठाण्यात आला होता. आता कारखान्यात प्रत्येक कामाची पगारश्रेणी ठरवली, वर्षं आणि कौशल्य पाहून वाढ मिळते, दुसरी पाळीही हजेरीत धरतात, असं समाधानानं सांगत होता.

मी विचारलं, "हे ठरवायला किती वेळ लागला?"

"फार नाही साहेब," तो म्हणाला. "दोन-तीन बैठका झाल्या."