वायरमामाने उपटलेली केबल

माझ्या मामाला सगळे वायरमामा म्हणत. टीव्ही भिंतीवर टांगायचा, स्पीकर जोडून द्यायचे, हा त्याचा धंदा. पूर्वी लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचं जंजाळ असायचं. मग एचडीएमआय आली आणि चित्र, आवाज एकाच केबलमधून जायला लागले. "ही एक निघाली की सगळं घर मुकं!" असं तो गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगे. गप्पांमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

एका घरी त्याने मोठाले स्पीकर बसवले. "आवाज दणदणीत पाहिजे," मालक म्हणाला होता. आठवड्यात पुन्हा बोलावणं आलं. चित्र नाही, आवाज नाही. मामाने बघितलं, तर प्लेअरची केबल कोणीतरी हिसडून काढलेली, पिन वाकडी. मालक आत फोनवर होता. त्याची बायको पाणी घेऊन आली. ओठ फुटलेला. हळूच म्हणाली, "दादा, बिघडलेलंच राहू द्या ना."

मामाला वाटलं, हिचं डोकं दुखत असेल. इतका कसा मठ्ठ माझा मामा, याचा मला आजही राग येतो. त्याने नवी केबल घातली आणि मारामारीचा सिनेमा लावला.

मालकाने तिचं बोलणं ऐकलं होतं. बाहेर येऊन त्याने आवाज शेवटपर्यंत चढवला, तिचे केस धरले आणि तिला फरफटत स्वयंपाकघरात नेलं. दार लागलं. पडद्यावर गोळ्या सुटत होत्या, पण मामाच्या पाठीमागची भिंत वेगळ्याच धक्क्यांनी हादरत होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने केबल उपटली.

तिची किंकाळी जिन्यापर्यंत गेली. मालक तवा घेऊनच बाहेर आला.

"लाव ती!"

मामाने केबल मुठीत आवळली. तवा मुठीवर पडला, मग डोक्यावर, पुन्हा मुठीवर. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. मूठ सुटली नाही. तोवर शेजारी दार तोडून आत घुसले आणि मालकाला खाली पाडून तुडवलं. त्यांतला एक रडवेला होऊन म्हणाला, "आठ दिवस आम्हाला वाटत होतं, सिनेमा चाललाय."

ती वाचली. मामाची दोन बोटं आता वाकत नाहीत. केबल तो डाव्या हाताने खोचतो. सगळं जोडून झालं की आवाज पूर्ण बंद करतो, आणि घरातली बाई काही म्हणतेय का, ते आधी ऐकतो.