आकडेवाल्यांचा डबा

आमच्या गावात काही लपवायचं असलं तर ते काम विनी पेल्कीला चुकूनही देऊ नये. एकदा ईस्टरला चर्चच्या आवारात पोरांसाठी अंडी लपवायला तिला सांगितलं होतं. त्यातली काही जुलैत गवत कापताना सापडली, तीही वासावरून. पुढच्या वर्षीपासून तिला फक्त सरबताच्या टेबलावर उभं केलं.

विनीनं जन्मभर शाळेची बस चालवली. माझं हमरस्त्यावर नाश्त्याचं छोटं हॉटेल होतं. ती पहाटे यायची, कॉफी प्यायची आणि माझ्या पॅनकेकना नावं ठेवून जायची. अशी आमची मैत्री. मी तिची बाजू घेऊन बोलतेय असं कुणाला वाटलं तर वाटू दे, पण त्या वसंतात तिनं जो उपद्व्याप केला त्यात मी तिची बाजू मुळीच घेतली नव्हती.

डबे लपवायचा नाद तिला नवऱ्यानं लावला. मेरिल दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि फावल्या वेळात रबरावर शिक्के कोरायचा. शिक्का आणि एक कोरी वही डब्यात घालायची, डबा रानात लपवायचा, आणि कुठे लपवलाय त्याचं कोडं लिहून जगात सोडून द्यायचं. वाचणारा ते कोडं सोडवत येतो, डब्यातला शिक्का आपल्या वहीत उठवतो, स्वतःचा शिक्का डब्यातल्या वहीत उठवतो आणि डबा होता तिथे ठेवून घरी जातो. न्यायचं काही नाही, ठेवायचं काही नाही. "मग मिळतं काय रे?" असं मी एकदा विचारलं, तर दोघं माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मलाच वेड लागलंय.

मेरिलनं कोरायचं आणि विनीनं लपवायचं, ही वाटणी ठरलेली. तिचे नियम कडक. डब्याला चिखलाचा नि शेवाळ्याचा रंग द्यायचा. वर काटक्यांचा ढीग रचायचा नाही, कारण रानात काटक्या कधी ओळीनं पडत नाहीत. एकाच बाजूनं जायचं नाही, नाहीतर पायवाट पडते. आणि लपवताना बरोबरच्यानं पाठ करून उभं राहायचं. मी कितीदा त्या रानात झाडाकडे तोंड करून डास मारत उभी राहिलेय, विचारू नका.

मग मेरिलला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय निम्मा गेला. डॉक्टर म्हणाले, चालवा त्याला. पण मेरिल खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. बाहेर पडायचं नाव काढलं की म्हणायचा, "उद्या बघू." असे उद्या वर्षभर गेले. बोलणंही तुटक झालं. फक्त एका गोष्टीनं त्याचा चेहरा जागा व्हायचा. झटक्याच्या आधी त्यानं शेवटचा शिक्का कोरला होता, कासवाचा, पाठीवरची एकेक रेघ केसासारखी बारीक. विनीनं तो डोंगरावरच्या जुन्या, नुसते दगड रचून केलेल्या गडग्यात ठेवला होता. कुणाला तो सापडला की निरोप यायचा, "कासव भेटलं, काय सुंदर कोरलंय!" विनी ते मोठ्यानं वाचायची आणि मेरिल म्हणायचा, "पुन्हा वाच." त्या घरात तेवढं एक सुख उरलं होतं.

त्या वसंतात बर्फ वितळून चिखलाचे दिवस सुरू झाले होते. आम्ही दोघी कासव ठीक आहे का बघायला गेलो. गडग्याच्या टोकाला एक म्हातारं ॲशचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी काटक्यांचा ढीग, व्यवस्थित एकाला एक लावून रचलेला.

"आकडेवाले!" विनी थुंकलीच जवळजवळ.

आकडेवाले म्हणजे दुसरा पंथ. त्यांना कोडंबिडं लागत नाही. उपग्रहाचे आकडे फोनमध्ये घालायचे आणि चालत सुटायचं. त्यांच्या डब्यात खेळणी, बिल्ले, किल्लीच्या साखळ्या असलं सटरफटर असतं. एक वस्तू घ्यायची, तेवढ्याच तोलाची दुसरी ठेवायची, हा त्यांचा रिवाज. माणसं वाईट नाहीत. रान मात्र दोघांचं एकच.

"अगं, वाटेवरून दिसतोय हा डबा!" विनीचं डोकंच फिरलं. "शेंबड्या पोरानं लपवलाय की काय? कुणीही पळवेल. मी नीट ठेवते."

"विनी, तो तुझा नाही. हात लावू नकोस."

"उपकार करतेय त्यांच्यावर. तू तिकडे तोंड कर."

"मी नाही करणार."

"डेल, तिकडे तोंड कर!"

केलं. बस चालवणाऱ्या बाईचा आवाज तो, त्यापुढे कुणाचं चालत नाही. थोड्या वेळानं ती हात झटकत आली, खूश होऊन. "आता बघ, कसा राहतो सुखरूप."

राहिला की सुखरूप! इतका सुखरूप की त्यांचा एकही माणूस त्याला शोधू शकेना. आकडे सांगत होते डबा इथेच आहे, आणि डबा तर दिसेना. मग त्यांनी गडगा उपसायला घेतला. पुन्हा गेलो तेव्हा निम्मे दगड वाटेवर पडले होते. विनीचा डबा होता, पण झाकण तिरकं. आत वही होती, शाईची उशी होती. कासव नव्हतं. त्याच्या जागी एक नवा कोरा छोटा विजेरी दिवा होता.

चोरी नव्हती ती. कुणीतरी आपल्या रिवाजानं चांगली वस्तू ठेवून चांगली वस्तू नेली होती. विनीच्या प्रत्येक डब्यात चिठ्ठी असते, "शिक्का अदलाबदलीसाठी नाही." या एकाच डब्यात नव्हती. "हा परक्याला सापडणारच नाही" असं बाईसाहेबांना वाटलं होतं.

ती चिखलात बसली आणि हमसून हमसून रडली. तिचं रडणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "तो दुसरं कोरू शकत नाही गं," एवढंच म्हणत होती.

"घरी जाऊन सांगून टाक," मी म्हटलं.

तिनं नाही सांगितलं. उलट गावभर आकडेवाल्यांच्या नावानं बोंब ठोकली, त्यांचा डबा आपण हलवला ते मात्र गिळून टाकलं. मला तिचा असा संताप आला! इकडे मेरिल रोज सकाळी विचारायचा, "कासव?" ती म्हणायची, "चिखल आहे ना, कुणी जात नाहीये वर." पुढे चिखल वाळला, झाडांना पानं आली. मेरिलनं विचारणं बंद केलं. खुर्ची खिडकीकडून भिंतीकडे वळवून घेतली. मी सूप घेऊन गेले तर माझ्याकडे वळूनही बघेना.

मग एका रविवारी दुपारी मी तिथेच असताना दारावर थाप पडली. तिशीतला एक उंच गडी होता, टोपी हातात घेऊन उभा.

"मिसेस पेल्की? मी ओटिस वार्नी. आमच्या गटातल्या एका बाईंनी तुमच्या डब्यातून हे आणलं. त्या नव्या आहेत, त्यांना वाटलं बदल्यात घ्यायची वस्तू आहे. मी काल त्यांच्या घरी ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. वहीवर तुमचं नाव होतं ते त्यांना आठवत होतं. माफ करा, मॅडम." त्यानं खिशातून रुमाल काढला. रुमालात कासव होतं.

विनीनं ते झडप घालून घेतलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आहे?"

आता लपवायला जागा नव्हती. ओटिस आत आला आणि बिचाऱ्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "गडगा आम्ही उपसला, सर, ते चुकलंच. पण आमचा डबा हरवला हो. झाडाच्या बुंध्याशी होता, आणि गायब! आकडे तर बरोबर होते. आम्हाला वाटलं कुणी गडग्यात सरकवला असेल."

मेरिलनं विनीकडे बघितलं.

"विनी."

"मी हलवला," विनी म्हणाली. "इतका वाईट लपवला होता, मेरिल, माझ्यानं बघवेना. मी हलवला म्हणून त्यांनी दगड काढले, आणि दगड काढले म्हणून कासव गेलं. तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही."

ओटिसचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही? मॅडम, माणसं लांबलांबून येऊन हात हलवत गेलीत हो!"

"चला, मी दाखवते कुठे आहे," विनी कोट शोधायला लागली.

"गप्प बस," मेरिल म्हणाला. "कुणाला काही सांगायचं नाही. माझे बूट आण."

विनी बूट आणायला धावली आणि एका पायाचे दोन घेऊन आली.

लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेनं माझी गाडी गडग्यापर्यंत जाते. मेरिल काठीवर आणि ओटिसच्या खांद्यावर भार टाकून उतरला. घाम फुटला होता त्याला. त्यानं पसरलेल्या दगडांकडे बघितलं नि मान हलवली.

"इथे नाही. गुडघे दुखतात तिचे, ती वाकत नाही." धाप टाकून तो पुन्हा बोलला, "रागात होती?"

"भयंकर," मी म्हटलं.

"मग लांब नाही. रागावली की नाकासमोर ठेवते. शिकवायला." त्यानं काठी उचलून ॲशच्या झाडाकडे रोखली आणि हळूहळू वर नेली. डोक्याच्या उंचीला फांदी मोडून पडलेली ढोली होती, तोंडाशी शेवाळाचा गोळा. "तिथे."

ओटिसनं गोळा उपसून हात घातला आणि डबा काढला. बुंध्यापासून फक्त एका माणसाच्या उंचीवर! सगळे खाली बघत राहिले आणि डबा त्यांच्या टाळूवर होता.

"अरे देवा," ओटिस म्हणाला.

"तीस वर्षं संसार केलाय," मेरिल म्हणाला आणि हसला. वाकड्या तोंडानं, पण पोट हलेपर्यंत. विनी हसतही होती आणि रडतही होती. मीही रडले, खोटं कशाला सांगू? ओटिसनं त्यांच्या डब्यातली वही पुढे धरली, तर मेरिलनं विनीकडून कासव घेऊन डाव्या हातानं त्यात उठवलं. तिरकं उठलं.

"असे अजून किती आहेत तुमचे?" त्यानं विचारलं.

"या भागात? शेकडो असतील, सर."

"सगळे असेच, पोरकट लपवलेले?"

"बहुतेक."

"मग उद्या ये," मेरिल म्हणाला. "आणि जेवून ये. डेलच्या गाडीत बसायची माझी तयारी आहे, पण तिचं सूप मी पुन्हा खाणार नाही."