जिव्याची रोपं

मासवणच्या जिव्याचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. मी तिथल्या प्रार्थनाघराचा मास्तर. १९६२ साली त्याने बाप्तिस्मा घेतल्यापासून रविवारी सर्वांत लांब प्रार्थना त्याची. थोरल्या भावाच्या, बुधाच्या मुलीचं लग्न पाड्याच्या जुन्या रीतीप्रमाणे, देवांची गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या धवलेरीबाईने लावलं, म्हणून हा सख्खा काका मांडवात गेला नाही. वर सगळ्या पाड्यासमोर त्या लग्नाला सैतानाचा खेळ म्हणाला. मी त्याला टोकलं नाही, ही माझी चूक.

पासष्टच्या वैशाखात राब, म्हणजे रोपं पेरायची जागा, भाजायला ऐनाच्या फांद्या तोडताना जिव्या झाडावरून पडला. मांडीचं हाड मोडलं, वाकडंच जुळलं. आषाढात रोपं लावणीला आली आणि हा कुबडीवर. पाड्यात लावणी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात होते, पण बोलावल्याशिवाय कोणी बांध ओलांडत नाही. जिव्या बोलवेना. "माजा देव पाय बरा करल," म्हणे. पाय काही हलेना, रोपं मात्र पिवळी पडायला लागली. आणखी चार दिवसांत ती जून होऊन वाया गेली असती. मग वर्षभर खायचं काय?

मी समजवायला गेलो तर मलाच शास्त्र ऐकवलं. "देवानं सगळं हिरावलं तरी ईयोबानं सोसलंच ना!"

"त्याने भावाशी बोलणं नव्हतं टाकलं," मी चिडून म्हणालो.

शेवटी त्याची बायको जिवली चुलीपुढून उठली. "देवाकडं पाय मागतोस, भावाकडं हात मागाया लाज वाटते? पोरांच्या तोंडात काय घालू, तुजा मान?"

 जिव्या कुबडी घेऊन बुधाच्या शेताकडे निघाला, मागोमाग मी. वाटेत चिखलात दोनदा पडला. मी हात पुढे केला, तो त्याने धरला. बुधा आपल्या खाचरात वाकून लावणी करत होता. जिव्या बांधावर बसला.

"दादा, पोरीच्या लग्नाला नाय आलो. वंगाळ बोललो. माजं चुकलं. माजी रोपं मरतात."

बुधाने मान वर केली नाही. हातातली रोपं लावून संपवली. "सकाळी येतो," एवढंच म्हणाला.

सकाळी अकरा जण आले. बुधा बांधावरच थांबला. "आमी आमच्या देवाला सांगून पाण्यात उतरतो. हे शेत तुजं. तुज्या देवाला सांग."

जिव्याने डोळे मिटले. मी मनात म्हटलं, झालं, आता दुपार होणार.   पण तो कसाबसा म्हणाला, "देवा, माजा भाऊ आला हाय."

प्रार्थना तिथेच संपली. बुधा पाण्यात उतरला.