कांद्याचे चार काटे

ब्रेक मारला की माझी शर्यतीची गाडी डावीकडं ओढायची. सोलापुरातल्या एका मिस्त्रीनं तिच्या चार चाकांखाली कांद्याच्या अडतीवरचे चार काटे ठेवले. पुण्यात तीच गाडी महागड्या काट्यांवर तोलणारा इंजिनिअर सोबत होता, तो हसला. मिस्त्रीनं मान वर केली नाही.

"काटा कांद्याचा असला तरी किलो तेवढाच असतोय," तो म्हणाला. "पुण्यात रिकामीच तोलली व्हय? गाडी काय एकटी पळती? बसा की आत."

मी बसलो आणि चारही आकडे हलले. इंजिनिअर वाकून आकडे लिहून घेऊ लागला. पुढचं डावं-मागचं उजवं आणि पुढचं उजवं-मागचं डावं, अशा तिरक्या जोड्यांची वजनं जुळेपर्यंत मिस्त्री स्प्रिंगांचे नट फिरवत राहिला.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. गाडी आता सरळ थांबते. कुणी हसलं, तर मीही मान वर करत नाही.