वालावरचा केवडा आणि मोजता येणारा किडा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे माझी फजिती एवढी वाढते की तुम्हालाच माझी दया येईल. येऊ दे! त्या वेळी तरी कुणाला आली नव्हती.

साठ-एकसष्ट साल असेल. शेतकी खात्यात मी नवाकोरा मदतनीस, नेमणूक मुरुडला. भातकापणी झाली की तिकडे खाचरांत वाल टोकून पेरतात. त्या वर्षी वालावर केवडा नावाचा रोग आल्याची कुणकुण होती आणि तो शोधून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुळात मला एका जागी बसवत नाही, त्यात हे काम! सकाळी सायकलवर टांग मारली की दिवस मावळेपर्यंत मी या गावातून त्या गावात.

आता केवडा ओळखायचा कसा? सगळं पान एकसारखं पिवळं पडलं, तर समजायचं पाणी साचलंय किंवा खारं पाणी लागलंय. पण हिरव्यात पिवळे चट्टे, पान आकसलेलं, आणि उलटं करून बोट फिरवलं की शिरांवर बारीक कंगोरे लागले, तर तो केवडा! विषाणूचा रोग. त्याला औषध नाही.

"नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका, पान हातात घेऊन बघा," असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी ते इतकं मनावर घेतलं की पान उलटंपालटं करून, चांगलं चुरगळून वास घेतल्याशिवाय मला चैन पडेना. दर ओळीत चार झाडं सोडून पाचवं तपासायचं, हीसुद्धा शिस्त. ती मी शेवटपर्यंत मोडली नाही. मोडली असती तर बरं झालं असतं!

एके दिवशी काशीदकडच्या एका खाचरात मला खराखुरा केवडा सापडला. काय आनंद झाला म्हणता! शेतकरी बिचारा कपाळाला हात लावून बसलेला आणि मी बांधावर जवळजवळ नाचतोय. शंभरेक पानं चोळून खात्री केली, हिरवीगार बोटं विजारीला पुसली आणि सायकल हाणली ती थेट सोनूकाकींच्या शेतावर.

सोनूकाकींचा नवरा मुंबईला गोदीत, शेती त्या एकट्याच ओढायच्या. वैशाखात थोरल्या लेकीचं लग्न ठरलेलं. लग्नाच्या गावजेवणातलं बिरडं याच वालाचं व्हायचं होतं.

"सायेब, आमच्या वालाला काय न्हाय ना?"

"मी असताना काळजी कसली, काकी?"

पाचवं, पाचवं, पाचवं झाड तपासलं. एकावरही डाग नाही! मी छाती फुगवून चहा प्यायलो आणि पुढच्या गावाला गेलो. तिथेही तेच, पाचवं झाड आणि चहा.

दोनेक आठवड्यांत सोनूकाकी मुरुडला माझ्या खोलीच्या दारात हजर.

"सायेब, पानं रंगली वो! लग्नात पावन्यांच्या पानात काय वाढू मी?"

बाईचे डोळे भरून आले होते. मी जेवण टाकून धावलो. खरंच केवडा! मग काय, जीव थाऱ्यावर राहीना. आठवड्यातून एकदा जायचो तो रोज जाऊ लागलो, रोज पानं चोळू लागलो. रोग पसरवणारा किडा सापडावा म्हणून मावा धर, तुडतुडे धर, बाटल्यांत भर. एका दुपारी तर काकींच्या बकरीवरच संशय घेतला. तिच्या तोंडातला रोग मरावा म्हणून कडुलिंबाचा पाला कोंबला, तर तिने मला शिंगावर घेतलं.

आणि रोग? मी जिथे जाईन तिथे पंधरा-वीस दिवसांत तो हजर! लोक म्हणायचे, "सायेब, तुमाला आधीच कसं कळतं वो, कुठं येनार ते?" मी हसून म्हणायचो, "अनुभव!" नोकरीला लागून चार महिने झाले होते हो!

शेवटी अलिबागहून मोठे साहेब आले. सोनूकाकींच्या बांधावर मी सव्वीस बाटल्या मांडल्या.

"रोग पसरवणारा किडा कोणता?" साहेबांनी विचारलं.

"तपास चालू आहे, साहेब. फार चपळ दिसतो."

सोनूकाकी डोक्यावरचा पदर सावरत पुढे झाल्या. "सायेब, इचारू का? किड्याला मोजता येतं का वो?"

"म्हणजे?"

"बगा की. चार झाडं चांगली, पाचवं गेलं. परत चार चांगली, पाचवं गेलं. आक्ख्या शेतात असंच हाय."

साहेबांनी एक ओळ पाहिली, दुसरी पाहिली. मग बाटल्यांकडे ढुंकूनही न बघता माझ्याकडे वळले.

"हात दाखवा."

मी दाखवले. दहाही बोटं हिरवी.

"अहो महाशय, या रोगाचा विषाणू पानाच्या रसातून जातो! तुमच्याइतका मेहनती किडा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. काकी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग बाकीचा वाल वाचंल का?"

"वाचेल," साहेब म्हणाले. "रोगट झाडं उपटून जाळा. आणि यांना शेतात घेऊ नका."

वर मलाच हुकूम झाला: गावोगाव फिरून सांगायचं की साबणाने हात धुतल्याशिवाय कुणीही वालाला हात लावू नये. का, तेही सांगायचं. सांगितलं. पुढे कुठल्याही गावात माझी सायकल दिसली की पोरं आधी बादली आणायला पळायची.

काकींचा वाल वाचला. वैशाखात लग्न झालं, सगळ्या गावाला बिरडं पुरलं. मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली, मी पुढे होऊन अक्षतांसाठी हात पसरला, तर सोनूकाकींनी त्यावर साबणाची वडी ठेवली.

"आधी हात धुऊन या, सायेब. जोडा कोवळा हाय."