अर्ध्या कोयत्याचं रक्त

गया गेली तेव्हा मी दवाखान्याच्या खाली चहाच्या गाडीपाशी उभा होतो. तिनंच पाठवलं होतं. "जावा, त्वांड लई सुकलंय तुमचं. मी काय पळून चालले व्हय?" अर्धा कप प्यालो असेन, तर पोरगा जिना उतरून आला आणि त्यानं माझ्या हातातला कप काढून घेतला... नगरच्या त्या दवाखान्यात किडनीवाल्यांच्या रांगेत तोंडं आमच्याच भागातली असतात, पाथर्डीची, शेवगावची, ऊस तोडून आलेली. मयतीला आलेली माणसं म्हणाली, सुटली बिचारी. मला त्या शब्दाचा राग येतो. सुटायला ती काय दावणीला बांधलेली होती? तिला जगायचं होतं. मी चौथी शिकलेला माणूस. गोड लिहिता येत नाही, आणि गोड लिहावं असं काही घडलेलंही नाही.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मी तोडायचो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून फळीनं ट्रकवर चढवायची. लग्न झाल्यापासून आमचा एकच कोयता, कधी राहुरीकडं, कधी त्याच्याही पुढं, मुकादम नेईल तिथं. भर उन्हातही ती पाणी पीत नसे. म्हणायची, पाणी प्यालं की आडोसा बघावा लागतो, आणि फडात बाईला आडोसा कुठला? "तुमचं बरं हाय, तुमी कुठंबी उभं ऱ्हाता." हसून म्हणायची, आणि आम्ही सगळे गडी हसायचो.

किडनी खराब झाल्याचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. तरी त्यानंतर एक हंगाम तिनं केलाच. हंगामावरून परत आलो, अंगं अजून आंबलेलीच होती, तेवढ्यात त्या संशोधनवाल्या मॅडम दारात आल्या. पुण्याच्या, वयानं आमच्या सुनेएवढ्या. त्यांना ऊसतोडीच्या माणसांचं रक्त पाहिजे होतं. त्यांनी समजावून सांगितलं, की किडनीच्या नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनी बरीचशी गेलेली असते. रक्तात हजारो तऱ्हेची प्रोटीनं असतात, त्यातलं एखादं कितीतरी आधीच बदलत असेल. ते नेमकं कोणतं, हे निवडायचं आहे. ते सापडलं तर ज्याला धोका आहे त्याला आधीच ओळखता येईल, आणि ज्याला जो उपचार लागू पडेल तो वेळेत देता येईल.

मी विचारलं, "मंग हिला काय उपेग?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "यांना बहुतेक नाही होणार, आबा."

"मंग उठा," मी म्हणालो.

गया बाजेवरून म्हणाली, "बसा वो मॅडम. त्यांचं त्वांडच आसलं हाय. रक्त माझं, त्याला ह्यांचा अंगठा कशाला?" आणि हात पुढं केला. "माझ्या सुनेला तरी आदी कळंल." मॅडमनी माझंही रक्त मागितलं. मी म्हणालो, मला काय धाड भरलीय. नाही दिलं.

तिनं मात्र परत परत दिलं. उन्हाळ्यात घरी बसून असताना दिलं, पुढं दवाखान्यात सुया टोचून टोचून हात काळानिळा झाला तेव्हाही दिलं. मध्ये एकदा मॅडम खुशीत आल्या. एक प्रोटीन सापडलं होतं, आजारी माणसांत ते एकजात वाढलेलं होतं. गयानं गल्लीभर सांगितलं, माझ्या रक्तात घावलं म्हणून. लेक बाळंत झाल्यासारखी बाई फिरत होती. काही महिन्यांनी त्याच मॅडम तोंड उतरवून आल्या. आजाऱ्यांचं रक्त त्यांनी आमच्याकडून घेतलं होतं, हंगामावरून आल्या आल्या. आणि निरोगी म्हणून ज्यांचं घेतलं, ती शहरात खुर्चीवर बसणारी माणसं. ते प्रोटीन किडनीचं नव्हतंच. अंगमेहनतीनं स्नायू झिजतात, त्याचं होतं. मॅडमनीच पुन्हा तपासून ही चूक धरली होती.

मी गप्प बसलो नाही. "म्हंजी इतकं रक्त नेऊन तुमाला एवढंच कळलं, की आमी राबतो? मुकादमाला इचारायचं, त्यानं फुकट सांगितलं आसतं."

मॅडम मान खाली घालून म्हणाल्या, "चूक आमचीच आहे."

गया मला म्हणाली, "तुमी बैलाला पानी दावा, जावा." आणि मॅडमना म्हणाली, "मंग दुसरं निवडा की. रक्त शिल्लक हाय ना माझं?"

शिल्लक होतं. बर्फात ठेवलेलं. ते आहे, आणि ती नाही.

चौदावा झाला आणि मुकादम येऊन गेला. हळहळला, चहा प्याला, मग म्हणाला, "आता तुमचा अर्धा कोयता, आबा. अर्ध्याचं काय जमायचं न्हाई." त्याच आठवड्यात मॅडम आल्या. त्यांना बघूनच माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता कुणाचं नेता? त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गयाबाईंच्या रक्तात अजून काही वेगळं दिसतंय. ते आजाराचं की कष्टाचं, हे ठरवायला त्यांच्यासारखाच जगलेला, पण किडनी चांगली असलेला माणूस हवा. तेच अन्न, तेच ऊन, तेच काम."

"न्हाई दिलं तर?"

"तर त्यांचं रक्त बाजूला ठेवावं लागेल. आता आम्ही जोड्याच धरतोय."

"मुकादमबी ह्येच म्हनाला," मी म्हणालो. त्यांना ते कळलं नाही, आणि मी समजावलंही नाही. पण तिचं सगळं रक्त बाजूला पडणार, हे मला सोसलं नाही. त्यांना एकदा विसाव्याचं रक्त पाहिजे होतं, ते तिथंच दिलं, आणि एकदा उसात राबून आल्यावरचं. मी म्हटलं, "त्येच काम कुठं हुतं? मी तोडलं, तिनं वाहिलं."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मग या वेळी तुम्ही वाहा."

पाहुण्यांची टोळी ऊस तोडत होती त्या फडात गेलो. कोयत्याला हात लावला नाही. तिची चुंबळ होती, जुन्या लुगड्याची पीळ देऊन केलेली, मधे तेलकट, काळी. ती डोक्यावर ठेवली आणि मोळी घेतली. फळीच्या मध्यावर अडलो. खालून मेव्हणा ओरडला, "दाजी, बाईवानी कंबर हलवा, चढंल." सगळे हसले. मला हसू आलं नाही... पाणी प्यावंसं वाटलं, तेही प्यालो नाही. मानेचा मणका आत शिरल्यासारखा झाला, तरी दुसऱ्या दिवशीही वाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमपुढं हात धरला. बघा म्हटलं, आता रक्त काय बोलतंय ते.

काय बोललं ते अजून कळलेलं नाही. मॅडम म्हणतात, वर्षं लागतील, घाईत निवडलं की मागच्यासारखं होतं. खरं असेल. पण हंगाम थांबत नाही. पुढच्या हंगामाला पोरगा आणि सून निघाली, त्या दिवशी सून म्हणाली, "मामा, आत्याबाईंची चुंबळ द्या, डोक्याला बसलेली हाय." मी दिली नाही. म्हटलं, तुझ्या रक्तातलं आधी कळू दे. ती आत गेली, फाटकी ओढणी घेतली, पीळ देऊन नवी चुंबळ केली आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.